टाकीतली वाम : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात तळाशी राहणाऱ्या माशांबद्दल लिहिताना वामचा उल्लेख जाता जाता आला आणि पत्रांचा ओघ सुरू झाला. वाम म्हणजे सापासारख्या लांब अंगाचा, पुढे सोंड असलेला मासा; दुकानात तिला ‘ईल’ म्हणतात. बहुतेकांनी दुकानातून बोटाएवढी ‘ईल’ आणली आहे आणि आता ती दिसत नाही, खात नाही किंवा हातभर झाली आहे. कोल्हापूर-सांगली भागात टाक्या बसवायचं आणि सांभाळायचं काम मी करते, त्यामुळे हे तिन्ही प्रकार माझ्या रोजच्या पाहण्यातले आहेत. वाम हा माझा सगळ्यात आवडता मासा. म्हणून या वेळचं सगळं सदर तिलाच देते.

प्रश्न : ताई, दोन महिन्यांपूर्वी फायर ईल आणली. तेव्हा ५ इंचांची होती. टाकी २ फुटी, खाली रंगीत खडे, प्लास्टिकची झाडं, सोबत चार एंजल आणि काही गप्पी. सुरुवातीला दिसायची, मग गायबच झाली. काल खडे उपसले तर खाली सापडली, अंगावर ओरखडे आहेत. दुकानदार म्हणतो, लाजाळू असते, होईल सवय. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. तिला नीट ठेवायचं तर काय काय करावं लागेल?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ती लाजाळू आहे हे खरं, पण ओरखडे लाजण्याने पडत नाहीत. ते खड्यांनी पडलेत. हे पत्र वाचून झालं की आधी खडे काढा. टाकीचा तळ काही दिवस नुसत्या काचेचा राहिला तरी चालेल, फक्त लपायला एक पाइप टाका.

वाम वाळूत कशी शिरते ते एकदा डोळे भरून बघण्यासारखं असतं. सोंडेचं टोक वाळूला लावते, मान डावी-उजवीकडे झटकते, डोकं आत जातं आणि मागोमाग अख्खं अंग सरकत नाहीसं होतं. थोड्या वेळाने वीतभर पलीकडे वाळूतून सोंड वर येते. सोंडेच्या टोकाला दोन बाजूंना दोन बारीक नळ्या दिसतील, त्या तिच्या नाकपुड्या. सोंड जराशी हलत असते, पाण्यातला वास घेत असते, आणि बाकीचं सगळं अंग वाळूखाली निवांत. हे ती दिवसातून कितीदा तरी करते. अंगावर खवले असतात, पण इतके बारीक की त्यांचा आधार फारसा नाही. तिचं खरं संरक्षण म्हणजे अंगावरचा बुळबुळीत थर. टोकदार खड्यांनी तो थर खरवडला गेला की तिथूनच जिवाणू आणि बुरशी शिरते. माझ्यापर्यंत येणाऱ्या आजारी वाम माशांच्या टाक्यांत खाली हात घातला की बहुतेक वेळा काय आहे ते लगेच कळतं.

वाळू कोणती घ्यायची? बांधकामाची क्रश सँड अजिबात नको. ती दगड फोडून केलेली असते आणि प्रत्येक कणाला धार असते. समुद्रकिनाऱ्याचीही नको, तिच्यातल्या शिंपल्यांच्या चुऱ्याने पाणी जड होत जातं. नदीची जुनी वाळू कुणाच्या घरामागे उरलेली असेल तर उत्तम. बारीक चाळणीने चाळा आणि पाणी नितळ येईपर्यंत धुवा. नाहीतर जलतरण तलावाच्या फिल्टरमध्ये घालतात ती वाळू विचारा. कुठलीही घेतलीत तरी मूठभर ओली वाळू मनगटाच्या आतल्या बाजूला घासून बघा. तुम्हाला टोचली तर तिलाही टोचणार. थर २ ते ३ इंच पुरे.

आता टाकी. फायर ईल थायलंड, कंबोडियापासून सुमात्रा, बोर्निओपर्यंतच्या नद्यांतली आणि पूरमैदानांतली वाम. निसर्गात ती १ मीटरपर्यंत जाते. घरच्या टाकीत एवढी झाली नाही तरी दीड-दोन फूट होतेच, आणि चांगली सांभाळली तर दहा वर्षांहून जास्त जगते. दुकानात ती विकतात तेव्हा ती पिल्लू असते, हे कुणी सांगत नाही. पहिलं वर्ष-दीड वर्ष ४ × दीड × दीड फुटांची टाकी चालेल, म्हणजे साधारण २५० लिटर. पण तिचं कायमचं घर ६ × २ × २ फुटांचं हवं. उंचीपेक्षा तळाची रुंदी महत्त्वाची, कारण तिला पूर्ण वळता आलं पाहिजे. अरुंद टाकीत वाढलेली वाम कोपऱ्यात दुमडून वळते आणि सोंड काचेला घासून घासून पांढरी पडते. ते मला बघवत नाही.

तुम्ही तिसऱ्या मजल्यावर आहात म्हणून हिशेब सांगते. ६ × २ × २ फूट म्हणजे २४ घनफूट, म्हणजे ६८० लिटर पाणी. काच १२ मिलिमीटरची धरली तर तिचं वजन शंभर किलोंच्या वर जातं. त्यात वाळू आणि लोखंडी स्टँड मिळवा. सगळं मिळून ९०० किलोंच्या घरात. राहत्या घराच्या स्लॅबवर वापराचा भार चौरस मीटरला २०० किलो धरून हिशेब केलेला असतो, आणि ही टाकी जेमतेम एका चौरस मीटरवर उभी राहणार. घाबरून जाऊ नका, अशा टाक्या वरच्या मजल्यांवर असतात, पण त्या बीमला लागून भिंतीकडेला उभ्या असतात, स्लॅबच्या मध्यावर नाही. इमारतीचा नकाशा घेऊन एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. बाल्कनीत तर अजिबात नको.

हे सगळं जमणार नसेल तर आत्ताच, ती लहान आहे तोवर, मोठी टाकी असलेल्या कुणाला तरी द्या. आणि गप्पी आजच वेगळ्या काढा. तुम्ही मोजल्या नसतील, पण कमी झालेल्या असणार.

प्रश्न : ताई, मी अकरावीला आहे. आमचे काका भिगवणला मासळीच्या धंद्यात आहेत. त्यांनी उजनीतली दीड फुटाची वाम जिवंत आणून दिली. सगळे म्हणाले कालवण करू, मी रडून ठेवून घेतली. गोठ्याशेजारच्या सिमेंटच्या हौदात सोडली आहे. चपाती, भात, भुईमुगाची पेंड सगळं टाकून बघितलं, काहीच खात नाही. जगेल का?
— एक विद्यार्थिनी, इंदापूर तालुका

उत्तर : बाळ, तुझं पत्र मी घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. जगेल, नक्की जगू शकेल. एवढी मोठी वाम न खाता बरेच दिवस काढते, त्यामुळे आत्ता तिला जेवणापेक्षा निवारा आणि शांतता जास्त हवी आहे.

तुझ्याकडे आहे ती आपली नदीतली वाम. भीमा-कृष्णेच्या खोऱ्यातच नाही, सगळ्या भारतात, आणि पुढे थेट व्हिएतनाम-इंडोनेशियापर्यंत ती सापडते. अंगावर तपकिरी नागमोडी नक्षी असेल, पाठीवर बोट मागून पुढे फिरवलंस तर सुटे सुटे काटे लागतील. तीस-चाळीस असतात. पण फिरवू नकोस. धरलं की ती ते उभे करते आणि अंगाला पीळ देते, मग हाताला चांगलंच लागतं. जाळीनेही काढू नकोस, काटे जाळीत अडकतात आणि सोडवताना तिचं कातडं फाटतं. हौदात ३ इंची पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा टाक, कडा पॉलिश पेपरने गुळगुळीत करून. ती त्यात जाऊन बसेल. हलवायची वेळ आली तर पाइपची दोन्ही तोंडं तळहातांनी झाकायची आणि पाइपासकट उचलायची. मी कितीही मोठी वाम असली तरी अशीच काढते.

आधी तिचं तोंड बघ. गळाला लागलेली असेल तर ओठाला किंवा घशात जखम असते, क्वचित गळ आतच राहिलेला असतो. काकांना विचार, जाळ्यात आली की गळाला. ओठाची जखम स्वच्छ पाण्यात आपोआप भरते. गळ घशात असेल तर ओढू नका, जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा.

आता खाणं. चपाती-भात तिचं अन्नच नाही. ती रात्री तळ हुंगत फिरते आणि किड्यांच्या अळ्या, गांडुळं, बारीक कोळंबी, लहान मासे खाते. टाकलेला भात आणि पेंड मात्र लगेच काढ, ते कुजून पाणी नासवतात. तुझ्याकडे तर शेत आहे, म्हणजे उत्तम अन्न पायाखालीच आहे. उसाच्या पाटाकडेला ओल्या मातीत खण, गांडुळं मिळतील. जिथे अलीकडे फवारणी किंवा तणनाशक मारलं असेल तिथली नको. धुऊन एक रात्र ओल्या फडक्यात ठेव, पोटातली माती निघून जाते. गांडूळखताच्या बेडमधली लाल गांडुळं नको. ती चिडली की अंगातून कडू, घाण वासाचा द्रव सोडतात. पुष्कळ मासे तोंडात घेऊन थुंकतात आणि एकदा थुंकलं की पुढच्या वेळी चांगलं गांडूळही घेत नाहीत.

दिवे बंद झाल्यावर, नऊ-साडेनऊनंतर, एक जिवंत गांडूळ पाइपच्या तोंडाजवळ सोड आणि लांब उभी राहा. बॅटरीवर लाल जिलेटीन पेपर लाव, लाल उजेडाला ती बुजत नाही. आधी सोंड हलेल, मग ती गांडुळाच्या कडेकडेने फिरेल, बघत नसल्यासारखी. तिची नजर कमजोर असते, सगळा भरवसा वासावर. मग गांडुळाचं एक टोक सापडलं की एका दमात शेवई ओढावी तसं आत ओढेल. पहिल्या रात्री नाही घेतलं तर सकाळी गांडूळ काढून टाक आणि एक दिवस सोडून पुन्हा बघ. एकदा घ्यायला लागली की मेलेलं गांडूळ, मग सोललेल्या कोळंबीचे तुकडे, असं हळूहळू शिकव. नुसत्या कोळंबीवर मात्र कायम ठेवू नकोस. काही कच्च्या कोळंबीत ब-१ जीवनसत्त्व मोडणारा घटक असतो आणि तेच ते खाऊन मासा अशक्त होतो. गांडूळ, कोळंबी, माशाच्या मांसाचे तुकडे, असं आलटून पालटून. दीड फुटाच्या वामला दोन-तीन दिवसांतून एकदा पोटभर पुरेसं आहे. चिकनची कलेजी-गिझर्ड नको, ती चरबी तिला पचत नाही.

हौद किती जुना आहे ते लिहिलं नाहीस. नवीन सिमेंटमधून चुना सुटतो आणि पाणी इतकं अल्कधर्मी होतं की कल्ले पोळतात. वर्षानुवर्षं वापरातला, आतून शेवाळ धरलेला हौद असेल तर हरकत नाही. नवा असेल तर वाम आजच दुसऱ्या भांड्यात हलव आणि हौद महिनाभर भरून, रिकामा करून, पुन्हा भरून मुरव. गाई-म्हशींना त्याच हौदात पाणी पाजत असाल तर एक गोष्ट लक्षात ठेव: गोचिडांचं औषध मारलेलं जनावर तोंड घालायला येऊ देऊ नकोस. त्या औषधाचा थेंबही माशाला मारतो. आणि हौद धुताना ब्लीचिंग पावडर नको.

तुमच्याकडच्या उन्हाळ्यात उघड्या हौदाचं पाणी दुपारी फार तापतं. तिला २४ ते २८ अंश बरं वाटतं, ३० पर्यंत सहन करते. वर शेडनेट किंवा उसाचं पाचट टाकलेला मांडव कर आणि हौदाच्या निम्म्या भागात कायम सावली ठेव. तळाला चाळलेली वाळू पसर. तुझ्या हौदात खोली असेल, रुंदी असेल, अंधार असेल. खरं सांगू? मुंबई-पुण्यात काचेच्या टाक्यांवर लाखभर खर्च करणाऱ्यांपेक्षा तुझी वाम सुखात राहील. फक्त पावसाळ्यात हौद काठोकाठ भरू देऊ नकोस. पूर आला की वाम नदी सोडून ओढ्या-नाल्यांत, कालव्यांत चढते. पाणी वाहायला लागलं की ती वाट शोधणारच.

पुढे कसं झालं ते जरूर कळव.

प्रश्न : सकाळी उठून बघते तर आमची टायर ट्रॅक ईल सोफ्याखाली! अंगाला धूळ चिकटलेली, पण हालचाल होती. पाण्यात टाकली, आता तळाशी पडून आहे. टाकीला झाकण आहे, मग बाहेर आली कशी?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : झाकणाला फिल्टरच्या नळीसाठी खाच असेल. तिथून आली. जिथे तिचं डोकं जातं तिथे तिचं अंग जातं, आणि अंगात ताकद इतकी की हलकं झाकण ती सोंडेने वर ढकलते. विशेषतः नवीन आणलेली, भुकेली किंवा पाणी बिघडल्यामुळे अस्वस्थ झालेली वाम रात्री काठाकाठाने वाट शोधते. म्हणून झाकण नीट केल्यावर पाण्यातल्या अमोनिया आणि नायट्राइटची, म्हणजे विष्ठेतून साठणाऱ्या विषारी द्रव्यांची, तपासणीही करा. पाणी चांगलं, पोट भरलेलं आणि अंग लपवायला जागा असेल तर ती फारशी बाहेर यायला बघत नाही.

वाम ओलसर असेपर्यंत पाण्याबाहेर बराच तग धरते, त्यामुळे आशा ठेवा. धूळ चोळून काढू नका, पाण्यातच सुटू द्या. दिवा बंद, एअर पंप चालू, दोन-तीन दिवस खाणं नाही. साधं खडे मीठ, आयोडीन नसलेलं, लिटरला १ ग्रॅम या हिशेबाने पाण्यात विरघळवून थोडं थोडं करून दिवसभरात घाला. ही जात खाडीच्या वरच्या निमखाऱ्या पाण्यातही सापडते, एवढं मीठ तिला सोसतं. अंगावर कापसासारखं काही दिसलं तर जाणकाराला दाखवा, कुठे ते पुढच्या उत्तरात लिहिलंय.

झाकण काचेचं, दोन भागांत, काठांवर क्लिपा लावून. नळीच्या प्रत्येक खाचेत जाड स्पंज घट्ट कोंबा. आणि टाकी वरपर्यंत न भरता ३-४ इंच रिकामी ठेवा.

प्रश्न : आमच्या वामच्या अंगावर पांढरे ठिपके आलेत आणि शेपटीजवळ एक पांढुरका चट्टा. दुकानातून निळं औषध आणलं, शिवाय एकाने सांगितलं म्हणून टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून टाकली. पाणी पिवळं झालंय, वास मारतंय. दुसरं कोणतं औषध घालू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आता दुसरं कोणतंही औषध घालू नका. आधी निम्मं पाणी बदला, उद्या पुन्हा एक तृतीयांश. नवीन पाण्याचं तापमान जुन्याइतकंच हवं, आणि नळाचं असेल तर क्लोरीन मारणारे थेंब किंवा थायोसल्फेटचे खडे आधी घालायचे.

तुम्ही टाकलेल्या कॅप्सूलने फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही मारले असणार. माशाच्या विष्ठेतला अमोनिया तेच पचवतात. ते गेले की अमोनिया चढतो, पाण्याला वास येतो आणि आजारी मासा आणखी आजारी पडतो. निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, हेही मुख्य टाकीत नकोच; ते वेगळ्या टबात, एअर पंप लावून वापरायचं.

ठिपके मिठाच्या कणांएवढे आणि एकसारखे असतील तर तो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, इक. तो परजीवी अंगावर असताना औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. तो सुटून पाण्यात पोहत असतो तेवढ्या काळातच मरतो. म्हणून हीटरने पाण्याचं तापमान रोज १ अंशाने वाढवत ३० अंशांपर्यंत न्या, त्याचं जीवनचक्र भरभर पुरं होतं. एअर पंप जोरात ठेवा, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. रोज वाळूवरून सायफन फिरवा. मीठ वरच्या उत्तरातल्या प्रमाणात. मॅलाकाइट ग्रीनचं औषध वापरावंच लागलं तर बाटलीवर लिहिलेल्या डोसच्या निम्मं. वामला पूर्ण डोस कधीच नाही, आणि तांबं असलेलं औषध तर हातात घेऊ नका. बारीक खवल्यांच्या माशांना ही औषधं फार लवकर लागतात.

शेपटीजवळचा चट्टा ही वेगळी गोष्ट वाटते, घासल्याची जखम. तुमच्या टाकीत तळाला काय आहे ते लिहिलं नाहीत, पण पहिलं उत्तर वाचा. आठवड्यात चट्टा वाढला, लाल कडा दिसल्या, तर माणसांच्या कॅप्सूल न फोडता जाणकाराकडे जा. आपल्याकडे रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे, नागपूर आणि उदगीरला आहेत, वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. जखमेचा स्पष्ट फोटो, टाकीचं माप, पाण्याचा पीएच आणि आतापर्यंत काय काय घातलं त्याची यादी सोबत असली की सांगणाऱ्यालाही सोपं जातं.

प्रश्न : मोठ्या वामसोबत कोणते मासे ठेवता येतील?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तिच्या तोंडात न मावणारे आणि तिला न छळणारे. सिल्व्हर डॉलर, मोठे गुरामी, मोठे बार्ब, जागा असेल तर क्लाऊन लोच. निऑन, गप्पी, झेब्रा यांचं काय होईल ते सांगायला नको. ऑस्कर आणि फ्लॉवर हॉर्न तिच्या अंगाला चावे घेतात. सकर, म्हणजे काचेवरचं शेवाळ खायला ठेवतात तो मासा, रात्री तिच्या अंगावरचा बुळबुळीत थर चाटायला चिकटतो, तोही नको. दुसरी मोठी वाम तर मुळीच नको, दोघी एकाच पाइपसाठी भांडतात आणि एक जण कायम उपाशी राहते.

प्रश्न : मुलाला वाढदिवसाला वाम हवी आहे. आमची टाकी ३ फुटी आहे. पुण्यात घर भाड्याचं, त्यामुळे मोठी टाकी शक्य नाही. नाही म्हणू का?
— एक आई, पुणे

उत्तर : फायर ईल, टायर ट्रॅक आणि नदीतली मोठी वाम, या तिघींना नाही म्हणा. पण लहान वाम आहेत ना! बंगाल-आसामकडून कोलकात्यामार्गे येणारी, अंगावर पिवळसर ठिपके असलेली छोटी वाम साधारण १५ ते १८ सेंटीमीटरची होते. कोलकात्याच्या गॅलिफ स्ट्रीटच्या रविवारच्या बाजारातून असे मासे देशभर जातात. दुकानात तिला कधी ‘स्पायनी ईल’, कधी ‘पीकॉक ईल’ म्हणतात. खऱ्या पीकॉक ईलच्या शेपटीकडे पाठीवर डोळ्यांसारखे गोल ठिपके असतात आणि ती थोडी मोठी, फूटभरापर्यंत होऊ शकते. तुमच्या ३ फुटी टाकीला छोटी वाम चांगली. शेपटीजवळ लाल रेघ किंवा लालसर ठिपके दिसले तर ते फायर ईलचं पिल्लू, दुकानदार काहीही म्हणो, घेऊ नका.

टाकी वाळूची, झाकणाची आणि किमान महिना-दीड महिना फिल्टर चालवून तयार झालेली हवी. वाम नव्या टाकीत टिकत नाही. घेण्याआधी दुकानदाराला तुमच्यासमोर खायला घालायला सांगा. पोट आत गेलेली, सोंडेला पांढरं झालेली, दिवसाढवळ्या उघड्यावर मलूल पडलेली नको. आणि मुलाला आधीच सांगा, की ही दिवसा फारशी दिसणार नाही. संध्याकाळी त्यानेच दिवा मंद करायचा आणि चिमट्याने ब्लडवर्म, म्हणजे बारीक लाल अळ्या, द्यायचे. काही आठवड्यांत ती वेळ ओळखते आणि सोंड बाहेर काढून वाट बघते. मुलांना हे इतकं आवडतं की पुढे दिवा मंद करायची आठवण तीच आपल्याला करून देतात.

प्रश्न : माझी फायर ईल आता पावणेदोन फूट आहे. नोकरीसाठी जर्मनीला जातोय, घर बंद राहील. मित्र म्हणतो, पंचगंगेत सोडून दे, नदीचा मासा आहे, जगेल. पटत नाहीये, पण दुसरा मार्गही दिसत नाही.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुम्हाला पटत नाहीये तेच बरोबर आहे. सोडू नका.

ती नदीतली आहे, पण या नदीतली नाही. पंचगंगेत आपली वाम आधीपासून आहे, त्याच तळाला, त्याच अन्नावर. तुमच्या टाकीतली वाम वर्षानुवर्षं दुकानातल्या इतर माशांच्या पाण्यात, आयात केलेल्या परजीवींसोबत राहिलेली आहे. ती एकटी जगली काय, मेली काय, सोबत काय घेऊन जाईल ते नदीला आयुष्यभर पुरेल. उजनीच्या कोळी बांधवांना विचारा. चिलापी (तिलापिया) बाहेरून आली आणि आज जाळ्यात तीच तीच येते. आफ्रिकन मागूरवर केंद्र सरकारने २००० मध्ये बंदी घातली, तरी तो पाण्यातून गेलेला नाही. आणि काच साफ करायला घरोघरी आणलेले सकर मोठे झाल्यावर लोकांनी ‘बिचारा जगेल’ म्हणूनच सोडले. आज ते आपल्या नद्या-तलावांत जाळी फाडतात. यातल्या कुणीही नदीचं वाईट करायचं म्हणून मासा सोडला नव्हता.

मार्ग आहे. मोठ्या माशांच्या टाक्या ठेवणारे लोक कोल्हापूर, सांगली, बेळगाव सगळीकडे आहेत, आणि पावणेदोन फुटांची, खाती-पिती, हातातून कोळंबी घेणारी फायर ईल त्यांच्यासाठी मोठी गोष्ट असते. पैसे मागू नका, त्याऐवजी टाकी बघायला जा. ६ फुटी आहे का, तळाला वाळू आहे का, झाकण आहे का, आधीची दुसरी वाम आहे का. समाधान झालं तरच द्या. जायच्या आदल्या दिवसापर्यंत थांबू नका, किमान महिनाभर आधी हलवा, म्हणजे ती खायला लागली की नाही ते तुम्हाला इथे असतानाच कळेल.

नेताना दोन दिवस उपाशी ठेवा. झाकणाचा मोठा प्लास्टिकचा ड्रम घ्या, एक तृतीयांश तिच्याच टाकीतलं पाणी, तिचा नेहमीचा पाइप आत, बॅटरीवरचा एअर पंप, आणि ड्रमला बाहेरून जाडसर चादर. पाइप तिथेच ठेवून या. तिच्या खाण्याच्या वेळा आणि आवडीनिवडी कागदावर लिहून द्या. कुणी मिळालं नाही तर मासिकाच्या पत्त्यावर मला कळवा, या पट्ट्यातल्या कुणाकडे जागा आहे ते मला माहीत असतं.